आपल्या सुनेचा सत्कार

आमचं गाव कुंडल सोडलं त्या दिवशी सुरेखा रस्त्यावरच उभी होती. रिक्षा थांबवून मी एकटा आत गेलो. आबा, म्हणजे माझे वडील, सोप्यात पेपर वाचत बसले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. मी पाया पडलो तरी त्यांनी पेपरातून मान वर काढली नाही. पाय मागं घेतले नाहीत, एवढंच. आई चुलीपासून उठून आली, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी माझ्या हातात दिली आणि दारातून रस्त्याकडं बघितलं. उसाच्या ट्रॉल्या धूळ उडवत चालल्या होत्या आणि त्या धुळीत निळ्या साडीतली माझी बायको बॅगांपाशी उभी होती. आई हळूच म्हणाली, "जपून ऱ्हावा दोगंबी." मग पदर डोळ्याला लावून आत गेली. पुढच्या दिवशी आमचं विमान होतं.

तुमच्यापैकी जे गावाकडं राहिले त्यांना यामागचं सगळं ठाऊक आहे. जे माझ्यासारखे लांब गेले त्यांच्यासाठी सांगतो. सुरेखा जत तालुक्यातली, पार कर्नाटकाच्या शिवेजवळच्या वस्तीवरची. धनगराची लेक. वडील मेंढरं घेऊन फिरायचे, ते लवकर वारले. आईनं, निंगव्वानं, मेंढरं विकून हिला नर्सिंगला घातलं. मिरजेच्या एका दवाखान्यात ती नर्स आणि मी अँब्युलन्सचा ड्रायव्हर. पेशंट उतरवता-उतरवता ओळख झाली. आमचं घर उसवाल्या मराठ्यांचं. मी घरात विषय काढला तेव्हा आबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "मेंढरं राखणाऱ्याची पोरगी ह्या घरात सून म्हणून यायची न्हाई. तुला मोकळीक हाय, तू जा," म्हणाले. सांगलीत रजिस्टर लग्न केलं. सहीला दवाखान्यातले दोघे आणि निंगव्वा. आमच्याकडून कुणी नाही.

इंग्लंडात आलो ते सुरेखाच्या नोकरीवर. व्हिसा तिचा, मी तिच्या नावावर आलेलो. शेफिल्ड हे चढउतारांचं गाव. पहिल्या हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं आणि मी हीटरजवळ बसून विचार करायचो की आता रानात पाणी सुटलं असेल. पुढं लायसन काढलं आणि बसवर लागलो. इथं उतरताना प्रवासी ड्रायव्हरला "थँक्स, लव्ह" म्हणतात. पहिल्यांदा एका म्हातारीनं म्हटलं तेव्हा मी घरी येऊन सुरेखाला सांगितलं. ती पोट धरून हसली. "मला कवा म्हणला न्हाईस की रं एवढं सरळ," म्हणाली. आमच्या घरात ती अशीच बोलायची. वॉर्डात इंग्रजी, रस्त्यावर इंग्रजी आणि घरात पाऊल टाकलं की जतची बोली. आमची मुलगी तनुजा शाळेतून यायची ती यॉर्कशरची बोली घेऊन. दोघींचं बोलणं ऐकताना मला मधे पुलासारखं उभं राहावं लागायचं.

सुरेखानं नोकरी सांभाळून इथल्या एका विद्यापीठात आपत्तीतल्या आरोग्यसेवेचा कोर्स केला. नंतर मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं. कुठं भूकंप झाला, कुठं पूर आला की ती रजा काढून जायची आणि काही आठवड्यांनी काळवंडून, वाळून परत यायची. मी कुरकुर केली की म्हणायची, "आमच्या वस्तीवर दुष्काळात कोण तरी आलंच हुतं की. मला त्यांची नावंबी ठावी न्हाईत."

शेवटची गेली ती आफ्रिकेत. लढाईतून पळून आलेल्या लोकांची सीमेवर छावणी होती, तिथं कॉलऱ्याची साथ सुटली होती. जायच्या दिवशी मी सकाळच्या शिफ्टला होतो. ती तनुजाला शाळेत सोडून माझ्याच बसनं स्टेशनला आली. उतरताना बाकीच्या प्रवाशांसारखं "थँक्स, लव्ह" म्हणाली. मागं लोक ताटकळले होते, म्हणून मला उठून तिच्याजवळ जाता आलं नाही.

तिला मलेरिया झाला, तो मेंदूत गेला. फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

निंगव्वाची एकच मागणी होती, लेकीला वस्तीवर आणा. संस्थेच्या लोकांनी कागदपत्रांची सगळी धावपळ केली. पुण्याहून अँब्युलन्सनं आम्ही जतला गेलो. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो, आणि मिरजेत ज्या सीटवर बसून मी दुसऱ्यांची माणसं नेली ती सीट माझ्या शेजारी होती. मी आईला फोन करून कळवलं होतं. ती फोनवर खूप रडली. पण माती द्यायला कुंडलहून कोणी आलं नाही. आबांना विचारायची हिंमत तिला झाली नाही, की विचारलं आणि त्यांनी नको म्हटलं, हे मी आजही विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. मानवी संकटात नेतृत्व करणाऱ्या माणसाला ते दरवर्षी एक सन्मान देतात आणि यंदा तो सुरेखाला द्यायचं ठरलं होतं. मी 'लीडरशिप' हा शब्द वाचत राहिलो. आपल्याकडं लीडर म्हणजे पुढारी. पांढरे कपडे, मोठी गाडी, मागं चार पोरं. सुरेखा तर बसमध्ये जागा असली तरी लहान मुलाच्या आईसाठी उभी राहायची.

समारंभाला मी भाड्याचा सूट घातला. तनुजानं आईची ओढणी गळ्यात गुंडाळली होती. काळे झगे घातलेले प्राध्यापक, उंच खिडक्या, लाकडी बाकं. मानपत्र वाचलं गेलं. इंग्रजी मला कळत होतं, पण त्यातली बाई मला ओळखू येत नव्हती. मेडल हातात आलं, टाळ्या झाल्या. मी "थँक यू" म्हणून खाली उतरलो. दोन शब्द बोला म्हणून त्यांनी आधी कळवलं होतं, ते जमलं नाही.

चहाच्या वेळी एक बाई शोधत आमच्याकडं आली. नाव हलीमा. ती त्याच छावणीत नर्स होती, स्वतःही पळून आलेल्यांपैकीच, आणि आता इथं शिकायला आली होती. तिनं तनुजाचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही.

"मी तुम्हाला खरं काय झालं ते सांगते," ती म्हणाली. "पाण्याचा टँकर आला की मारामारी व्हायची. धडधाकट माणसं पुढं घुसायची. आजारी आणि म्हाताऱ्या बायका रिकाम्या डब्यांनी परत जायच्या आणि मग नाल्याचं पाणी प्यायच्या. रखवालदार काठ्या उगारायचे. एके दिवशी सुरेखा नळापुढं जमिनीवर जाऊन बसली आणि म्हणाली, म्हाताऱ्या बायका माझ्या शेजारी येऊन बसल्याशिवाय नळ सुटणार नाही. लोक चिडले. तिच्यावर ओरडले. एकानं डबा फेकून मारला. ती हलली नाही. शेवटी एक म्हातारी आली आणि तिच्या शेजारी बसली. मग दुसरी."

"तुला हे कुणी शिकवलं, असं मी तिला विचारलं," हलीमा पुढं म्हणाली. "ती म्हणाली, आमच्या वस्तीवर टँकर येतो तेव्हा माझी आई असंच करते."

मी विचारलं, "ताप आला तेव्हा ती झोपून का राहिली नाही?"

हलीमा म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणायची, आजचा राउंड होऊ दे. रोज आजचाच राउंड म्हणायची."

तनुजा तेव्हा पहिल्यांदा रडली. माती देताना रडली नव्हती.

त्या आठवड्यात आबांचा फोन आला. इतक्या वर्षांत स्वतः केलेला पहिला. कुणीतरी मोबाईलवर बातमी फिरवली होती. "गावानं सत्कार ठरवलाय," आबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आपल्या सुनेचा. तू पोरीला घिऊन ये."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. राग होता की रडू होतं, मला सांगता येणार नाही.

आम्ही गेलो. कुंडलच्या स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला होता. सुरेखाचा हसरा फोटो, 'कुंडलची सून, जगाची माउली', आणि खाली पुढाऱ्यांच्या फोटोंच्या रांगा. तनुजानं विचारलं, "हे लोक आईला ओळखायचे?" मी नाही म्हणालो. घरात गेल्यावर आबांनी नातीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आबा म्हातारे झाले होते आणि मला ते कुणी कळवलं नव्हतं.

"सत्काराच्या आधी जतला जायचं," मी म्हणालो. "तिच्या आईला इचारल्याबिगार काय न्हाई."

मला वाटलं ते चिडतील. पण ते उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

तासगाव सुटलं, कवठेमहांकाळ सुटलं. ऊस मागं राहिला, द्राक्षबागा विरळ झाल्या, मग बाभळी आणि उघडं माळरान. आबा खिडकीतून बघत होते. फौजेत देशभर फिरून आलेला माणूस, पण आपल्याच जिल्ह्याच्या ह्या टोकाला ते कधी आले नव्हते.

निंगव्वा अंगणात ज्वारी पाखडत होती. उठली नाही. "बसा पावनं," एवढं म्हणाली. आबा बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"चुकलं आमचं," आबा म्हणाले.

"मेल्यावर म्हणायला काय जातंय, यप्पा," निंगव्वा म्हणाली. सूप थांबलं नाही. "ती हुती तवा एक डाव म्हणायचं हुतं. लेकरू पोटात हुतं तवा मला फोनवर म्हणली, आई, त्यांच्या घरला गेल्यागत सपान पडलं. मी म्हणलं, पडू दे, सपनाला कोण आडवतंय."

मलाही हे माहीत नव्हतं.

"सत्कार हाय गावात," मी म्हणालो. "तुमी आला तरच करायचा."

"मी न्हाई येत." तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा आबांकडं नीट बघितलं. "तुमाला तिला सून म्हणायचं आसंल तर लोकांम्होरं नका म्हणू. घरात म्हणा. तितं कोण ऐकत न्हाई, तितं म्हणा."

मी मेडल तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं. "सोन्याचं हाय?" मी नाही म्हणालो. "बरं हाय. कोण चोरायचं न्हाई," म्हणाली आणि देवळीत बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवून आली. येताना आमच्यासाठी चहा घेऊन आली. आबा तेव्हा खाली बसले, तिच्या समोर, मातीत. दोघं चहा संपेपर्यंत बसून राहिले.

परत आल्यावर आबांनी सत्कार मोडला. लोक नाराज झाले, मंडपवाला भांडला, एक पुढारी घरी येऊन तोंड वाकडं करून गेला. फ्लेक्स उतरवला. कुणीतरी तो नेऊन कडब्याच्या गंजीवर टाकला. आम्ही निघालो त्या सकाळी गाडीतून मला तो दिसला. फोटो आभाळाकडं होता, चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. तनुजानं बघितलं की नाही, मी विचारलं नाही.

आता मला इथले लोक विचारतात, घरी कधी जाणार? मी सुट्टीच्या तारखा सांगतो. तनुजा विचारते, आपण इथलेच ना? मी हो म्हणतो. दोन्ही खरं आहे आणि कुठंच पाय ठरत नाही. पूर्वी घर म्हटलं की मला कुंडलचा सोपा आठवायचा आणि राग यायचा. नंतर घर म्हणजे शेफिल्डचं आमचं छोटं किचन झालं, सुरेखाची बोली ऐकू येणारं. ती बोली गेली. खोली आहे, हीटर आहे, मुलगी आहे. मी बस चालवतो, घरी येतो, आणि दार उघडताना अजूनही क्षणभर थांबतो, आत कुणी काही म्हणतंय का म्हणून.

पितृपंधरवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. आमची सकाळ, तिथं दुपार. मी डेपोच्या कँटीनमध्ये ब्रेकवर होतो. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी घरात एका सवाष्णीला जेवू घालतात, ती अविधवा नवमी. आमच्याकडं आहेव नवमी म्हणतात. ती सासरीच घालायची असते. आईनं मला काही सांगितलं नव्हतं, फक्त फोन फिरवून दाखवला. सोप्यात रांगोळी, पाट, पुरणपोळीचं ताट, आणि पाटावर जतहून आणलेली सुरेखाची चुलत भावजय. आबा स्वतः गाडी करून तिला घेऊन आले होते. ते खांबाला टेकून उभे होते, कॅमेऱ्याकडं बघत नव्हते.

आईनं तिची ओटी भरली. सुरेखाचं नाव घेऊन हळदीकुंकू लावलं. ती बिचारी अवघडून बसली होती, घास तोंडाशी नेऊन परत ठेवत होती. तेव्हा आई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लाजू नगंस पोरी. पोटभर जेव. तुजंच घर हाय."

आबांनी ऐकलं. मी ऐकलं. कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या पाकिस्तानी ड्रायव्हरनं ऐकलं आणि त्याला काय कळलं कोणास ठाऊक, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते वाक्य जिच्यासाठी होतं, ती सोडून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.