पल्लवीच्या पाठीवरची थाप

कफ आणि किस्से, दोन्हींचं एकच आहे. वेळच्या वेळी बाहेर काढले नाहीत, तर आत साचून घट्ट होतात. मी भंडाऱ्यात छातीच्या पेशंटची फिजिओथेरपिस्ट आहे. मागून कोणी खोकलं तरी दचकते. हे मीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या विभागप्रमुख मेश्राम मॅडम सांगतीलच.

आमचे निम्मे किस्से कोंढा गावच्या पल्लवीचे. तिला सिस्टिक फायब्रोसिस, जन्मापासूनचा आजार. छातीतला कफ डिंकासारखा चिकट, तो रोज काढावा लागतो, आयुष्यभर. काढायच्या पद्धती बऱ्याच. तिच्यासाठी कोणती चांगली, हा आमचा प्रश्न. दहावीतल्या पल्लवीचा प्रश्न वेगळाच होता. तिला अकरावीला भंडाऱ्याच्या होस्टेलवर राहायचं होतं!

*

सगळ्यात जुनी पद्धत थापेची. अंगठा बोटांना चिकटवून, हात वाटीसारखा पोकळ करून पाठीवर ठोकायचं. पल्लवीचे बाबा, रामदासकाका, यात उस्ताद. ती तान्ही होती तेव्हापासून थाप त्यांचीच.

एकदा शेजारी नवीन भाडेकरू आले. पहिल्याच सकाळी धपधप आवाज ऐकून गृहस्थ धावत घरात शिरले.

"ओ भाऊ, पोरीले काहून मारून राहिले?"

"मारून नाही राहिलो! कफ काढून राहिलो!"

"अरे बाप्पा! एवढ्यानं कफ काय, चोरीची कबुली निघन!"

खालून पालथी पल्लवी म्हणाली, "बसा काका. डावी बाजू बाकी आहे."

*

दुसरी पद्धत बाटलीची. बाटलीत पाणी, पाण्यात नळी, आणि नळीतून फुंकून बुडबुडे काढायचे. फुंकताना पाण्याचा दाब छातीला जाणवतो आणि कफ सुटतो. मी काकांसमोर ऐटीत करून दाखवत होते. तेवढ्यात मॅडम मागून म्हणाल्या, "पाणी किती घेतलं?"

मी दचकले, आणि फुंकायच्या ऐवजी ओढलं!

पाणी नाकात, ठसका, डोळ्यांना धारा. पल्लवी उठली आणि माझ्या पाठीवर व्यवस्थित, पोकळ हातानं थापा देऊ लागली.

काका शांतपणे म्हणाले, "पाहा. शेवटी थापच कामी आली."

*

तिसरी पद्धत हफची. आरशावर वाफ सोडावी तसं तोंड उघडं ठेवून "हाऽऽ" करायचं. ना कोणाचा हात लागतो, ना बाटली.

एकदा गणिताच्या तासाला पल्लवीची छाती भरून आली. तिनं मागच्या बाकावरून लांबलचक "हाऽऽ" केलं. फळ्याकडे तोंड करून उभे असलेले सर लगेच थांबले. "एवढं काही कठीण नाही बेटा. थांब, सोप्या रीतीनं सांगतो."

तेव्हापासून गणित अडलं की अख्खा वर्ग हफ करतो!

*

मग होस्टेलची वेळ आली. काका म्हणाले, "तिथं थाप कोण देईन?" पल्लवी म्हणाली, "बाटली अन् हफ. माही मी करतो."

भांडण मॅडमपुढे आलं. मॅडम म्हणाल्या, "तुलना करू." काही आठवडे नुसती थाप, तेवढेच आठवडे बाटली आणि हफ. दोन्हींच्या शेवटी श्वासाच्या मशीनवर तपासणी. निकालाच्या दिवशी सगळ्यात जास्त घाम मला फुटला होता.

मॅडमनी रिपोर्ट ठेवले. "दोन्ही सारखंच."

काका खूश. "सारखंच आहे, तं मग पोरगी घरीच राहीन!"

पल्लवी त्याहून खूश. "सारखंच आहे, तं मग मी जातो!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! मी मॅडमकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "जी पद्धत ती न चुकता करेल, ती चांगली. रामदासभाऊ, कोणती करेल ती?"

काकांनी टेबलावरची बाटली पल्लवीकडे सरकवली. मग म्हणाले, "मले काय विचारता? तिची बॅग भरून झाली."

*

होस्टेल सुरू झालं. एका रविवारी सकाळी रेक्टरबाईंचा फोन. "एक माणूस मुलींच्या खिडकीतून आत ओरडत होता. वॉचमननं धरून ठेवलाय. तुमचं नाव सांगतोय. पोलिसांना बोलावू का?"

स्कूटी कशी काढली, ते मला आजही आठवत नाही.

गेटवर वॉचमन म्हणाला, "कोण्या पोरीले सर्दी झाली होती म्हणे. तिची मैत्रीण पाठीवर थापा देऊन राहिली होती. अन् हा बाहेरून बोंबलते, 'सपाट नको! पोकळ, पोकळ!' पोरी किंचाळल्या ना!"

"आता कुठे आहेत ते?"

"एक पोरगी म्हणे, हा माहा बाप आहे. मग बाईनंच आत नेलं."

मी धापा टाकत आत गेले. व्हरांड्यात मुली एकीमागे एक ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीचा हात पुढचीच्या पाठीवर. धप, धप, धप! ओळीच्या शेवटी खुद्द रेक्टरबाई. आणि पल्लवी दूर पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून, एकटीच बाटलीत बुडबुडे काढत बसलेली.

काका मागे हात बांधून ओळीतून फिरत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"बरं झालं आल्या, ताई! या बाईचा अंगठा पाहा बरं. सांगून सांगून थकलो, बाहेरच निघून राहिला!"