एकदाच येणारं चित्र

बुट्टीकाका पडद्यांच्या आणि चादरींच्या कापडावरची नक्षी काढायचे. इमारतीतला सगळा मजला त्यांना याच नावाने हाक मारी, कारण उभ्या जन्मात त्यांनी कापडावरच्या फुलांच्या बुट्टीखेरीज काही काढलं नव्हतं. ते एक फूल रंगवायचे आणि कारखान्यातला रूळ ते मैलभर छापायचा. या कामाची एक रीत असते. कागदाच्या मधोमध फूल काढायचं, मग त्या फुलासकट कागद उभा कापायचा आणि दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करायची. फुलाच्या अर्ध्या बाजू कडांना जातात, मध्ये मोकळी जागा उरते, तिथे पानं भरायची. मग कापडावर कडेला कड लागते आणि जोड कुठे आहे ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

"तुमचं आपलं एकच फूल, दर वीतभर अंतरावर," बायको म्हणायची. "माणसाने कधीतरी दुसरं काही द्यावं."

ती जाऊन आता दुसरं वर्ष लागलं होतं. उन्हातल्या पडद्यासारखा तिचा चेहरा काकांच्या मनातून विटत चालला होता. लेकीच्या मोबाइलमध्ये फोटो होते, पण त्यांत ती फोटोसाठी हसत होती. त्यांना हवा होता तो सुई ओवतानाचा चेहरा. एक डोळा मिटलेला, दुसरा बारीक, ओठ आत ओढलेले. तेवढा गेला की ती पुरतीच गेली, असं त्यांना वाटे.

एकदा लेक त्यांना प्रदर्शनाला घेऊन गेली. जुन्या गोदामात कापडं टांगलेली. एका वापरलेल्या चादरीवर कुणीतरी निजलेल्या माणसाची नुसती बाह्यरेषा लाल दोऱ्याने शिवली होती. टाके मोठे, ओबडधोबड. दोन तुकडे जोडले होते तिथली शिवणही उघडी. काका हलेनात.

"बाबा, पाय दुखतील."

"याचं पुढे छापता येणार नाही," ते म्हणाले. "हे एकदाच."

घरी येऊन त्यांनी कागद ताणून बसवला. बरेच कागद वाया गेले. मग एका दुपारी चेहरा आला, मिटलेल्या डोळ्याजवळच्या सुरकुतीसकट आला. ते बघत राहिले. हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं, तो आपला पुढच्या कामाला लागला. पट्टी ठेवली, पातं ओढलं, तुकडे इकडचे तिकडे केले. मधल्या मोकळ्या जागेत पानं भरायला ब्रश हिरव्यात बुडवला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी लेक आली. टेबलावर एका कडेला मिटलेला डोळा, दुसऱ्या कडेला उघडा, मध्ये पांढरं.

"मागून चिकटपट्टी लावू," ती म्हणाली.

"जोड दिसेल."

"दिसू दे की. त्या चादरीवर दिसतच होती."

"ती चादर होती."

"मग पुन्हा काढा."

"पुन्हा काढली तर तिची बुट्टी होईल."

तरी ते उठले. बायकोचा शिवणाचा डबा ती गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. त्यांनी त्यातून सुई काढली आणि लाल रीळ काढलं.

"शिवूनच टाकतो. एवढं ओवून दे."

"तुम्हीच ओवा."

काका खिडकीशी गेले. सुई उजेडात धरली, एक डोळा मिटला, ओठ आत ओढले. दोरा काही जाईना. लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसली. उजेड उतरत चालला होता, पण तिने दिवा लावला नाही.