मटकीचा तोरा

शेतकीची पदवी कपाटात ठेवून अमरावतीच्या ऑफिसात मी वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांतल्या चुका काढल्या. मग बदली झाली अकोल्याला, बियाणे तपासणाऱ्या एका लॅबमध्ये.

तिथे एक रीत होती. दुपारी डबा उघडण्याआधी प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची. रीत पाडली होती दर्यापूरकडच्या आमच्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञांनी. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी आपली ‘चष्मा घरी राहिला’, ‘पेन हरवला’ एवढ्यावर भागवायची.

“मॅडम, तुमच्या चुका बी कशा साजऱ्या असतात बाप्पा!” भाऊ म्हणत.

काम तसं सोपं. सोयाबीनचे दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी कोंब मोजायचे. भाऊ दाखवायला आले, तर मी म्हटलं, “माह्या घरी मटकीले बोटभर मोड येतात भाऊ, मले काय शिकवता!” ते हसून निघून गेले. मी कागद चिंब भिजवले.

माझ्या हातचा तो पहिलाच नमुना. एका शेतकरी बाईने घरी राखलेल्या बियाण्याचा. आठव्या दिवशी गुंडाळी उघडली आणि आधी वासच आला. निम्म्याहून जास्त दाणे कुजलेले. कागद बोटाने दाबला तर पाण्याचं थारोळं. पेरणी तोंडावर आलेली. ‘नापास’ लिहिलं की ती बाई हे बियाणं टाकून देणार. उरलेला नमुना कपाटात होता, पुन्हा लावता आला असता. पण मग कारण सांगावं लागलं असतं. मी ‘नापास’ लिहिलं आणि अहवाल सहीला ठेवला.

संध्याकाळी अमरावतीला परतताना गाडीत तीनदा जागा बदलली. घरी ओट्यावर मटकी बांधून ठेवलेली, तिच्याकडे बघवेना.

“काहून अशी येरझाऱ्या घालून राहिली?” नवऱ्याने विचारलं.

“पाय मोकळे करते.” पाय कसले मोकळे होतात!

दुसऱ्या दिवशी डब्यांभोवती माझी पाळी आली. पेन हरवल्याचं ओठांवर आलंही होतं.

“कागद फार भिजवले,” मी म्हटलं. “भाऊंना विचारलं नाही. बियाणं खराब नसेल. मीच कुजवलं.”

कोणी हसलं नाही. आमच्या साहेबीणबाई उठल्या, सहीला ठेवलेला अहवाल घेऊन आल्या आणि सही न करताच माझ्यासमोर ठेवला.

“मी बी पयल्या वर्षी हेच केलं होतं,” भाऊ म्हणाले. “मी सांगतलं नाही, मॅडम. नमुना कोणाचा होता, ते आजबी याद आहे.”

डबे तसेच राहिले. मी कपाटातला उरलेला नमुना काढला, नवे कागद भिजवले. भाऊ माझ्याशेजारी उभे राहिले, पण कागदाला हात लावला नाही.

“पिळा. अजून पिळा. आता अंगठा दाबा. पाणी दिसते? मंग पिळा.”

ते आठ दिवस मी घरात, गाडीत, लॅबमध्ये कुठेच धड बसले नाही. आठव्या दिवशी गुंडाळी उघडली. पांढरे, ताठ कोंब. मी दोनदा मोजले, मग भाऊंना मोजायला लावले. बियाणं पास होतं.

डब्यात मटकीची उसळ होती. भाऊंनी दोनदा घेतली आणि खिशातली वही काढली.

“आता सांगा मॅडम, मोड एवढे लांब येतात कसे?”