पुंजाजीची सळाख

पुंजाजी आणि कौशल्या यांचं ते भांडण शेजारच्यांनी आपापल्या चुलीपाशी बसूनच ऐकलं. कान लावायची गरज नव्हती. भिंती पातळ आणि कौशल्येचा आवाज जाड. बारा-तेरा वर्षं झाली असतील.

"कापूस जळून राह्यला जिनिंगवाल्याचा. तुमी काहून घुसता त्यात?"

"वरून पाणी मारून आतली आग इझत नाही, कौशल्ये. कोणाले तरी जा लागते."

"मंग दुसऱ्याले धाडा."

"दुसरा म्हणजे दुसऱ्या बाईचा नवराच ना वं."

यावर कौशल्या आठ दिवस बोलली नाही. ताट मात्र वेळेवर वाढलं, जरा आपटून.

पुंजाजी अकोल्याच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. कापसाच्या गंजीला आग लागली की वरची ज्वाळा बंबाने विझते, पण पोटात निखारा धुमसत राहतो आणि दोन दिवसांनी पुन्हा डोकं काढतो. तो शोधायची पुंजाजीची रीत होती. धुरात शिरून लांब लोखंडी सळाख गंजीत खुपसायची, तंबाखू मळून होईस्तोवर थांबायचं, मग ती ओढून टोकाला पालथा हात लावायचा. चटका बसला की तिथंच खणायचं. भांडणाच्या आदल्या दिवशी धूर छातीत गेला, तेव्हापासून त्याचा आवाज घोगराच राहिला. माणूस आत जाऊ नये आणि आग तर सापडावी, हा घोर त्याला लागला तो लागलाच.

मग अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पौर्णिमाबाई यंत्र घेऊन आल्या. नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याची लेक, सहा वर्षं आगीचा अभ्यास केलेली. यंत्र रणगाड्यासारखं चाकांवरच्या पट्ट्यांनी चालायचं, कॅमेऱ्यातून उष्णता पाहायचं, पाणी मारायचं. कॉलेजच्या फरशीवर शाबासकी मिळवलेलं ते यंत्र जिनिंगच्या आवारात दहा पावलं चाललं आणि बसलं. चाकांत रुई गुंडाळली होती.

पुंजाजी कात्रीने रुई कापत म्हणाला, "बाई, यंत्र हुशार हाय. पण हे बाहेरून कपाळाले हात लावते. ताप तं पोटात हाय."

बाईंना राग यायला हवा होता. त्यांनी वही काढली. "काका, पोटातला ताप तुम्ही कसा पाहता?"

जिनिंग बंद असते त्या चार महिन्यांत दोघांनी यंत्र नव्याने बांधलं. चाकांच्या दांड्यांना पुंजाजीने पत्र्याच्या चकत्या लावल्या, रुई आत जाईना. पुढे पोकळ सळाख बसवली. टोकाला ताप मोजणारी तार आणि पाणी सुटायला भोकं. जुन्या कापसात तापलेलं लोखंड पुरून पाहिलं. यंत्राने सळाख खुपसली, पाच सेकंदांत काढली आणि सांगितलं, थंड आहे.

पुंजाजी हसला. "बसली बी नाही अन् उठली. पाहुणी चहा पेल्याबिगर जाते काय?"

बाईंनी घड्याळ लावून त्याला तीनदा तंबाखू मळायला लावली. दर वेळी दीड मिनिट भरलं. यंत्राला तेवढं थांबायला शिकवलं. बाईंच्या शोधनिबंधात त्याला 'प्रतीक्षाकाळ' म्हणतात. तंबाखूचं नाव कुठं नाही.

माघात भर दुपारी गंजी पेटली. वरची आग विझल्यावर मालक म्हणाले, "झालं, पाणी बंद करा. कापूस भिजून राह्यला."

"आत निखारा हाय," पुंजाजी म्हणाला.

"मंग जाय न आत."

पुंजाजी जागचा हलला नाही. यंत्र आत गेलं. दोन ठिकाणी थंड लागलं. तिसऱ्या ठिकाणी सळाख रुतली आणि पुंजाजीने तंबाखूची डबी काढली.

"काढ ना लवकर," मालक म्हणाले.

तो मळत राहिला. तळहातावर शेवटची थाप पडली आणि बाहेर ठेवलेल्या यंत्राच्या पडद्यावर तापाचा आकडा लाल झाला. सळाखीतून पाणी सुटलं, गंजीच्या पोटातून पांढरी वाफ निघाली. धुरात कोणाचाच नवरा गेला नाही.

संध्याकाळी कौशल्येने सदऱ्याचा वास घेतला. "आज कामावर गेलते का नाही तुमी?"

यंदा पुंजाजी निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी नारळ झाला, शाल झाली. पाच वाजता तो नेहमीसारखा आपली जुनी सळाख घेऊन गंजीकडे निघाला.

चौकीदार बंडू म्हणाला, "काका, यंत्रानं पाह्यलं ना आताच."

"त्यानं पाह्यलं. आता मी पाहतो."

सळाख खुपसली, तंबाखू मळली, टोकाला पालथा हात लावला. थंड होतं. सळाख पुसून त्याने कोपऱ्यात उभी केली आणि डबा उचलून घराकडे निघाला.