हिरवळीवर चालणारा माणूस

सोपानकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापूरहोळच्या एका गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांना धार लावून घ्यायला बसलो होतो. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. "काका गेलं सायेब, आज सकाळी. काळीज लई दिवसांपास्नं दमलं हुतं, डॉक्टर म्हनले." मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि पाती घेऊन भोरला घरी आलो. रडू वगैरे आलं नाही. नुसता थकवा आला, आणि सात-आठ आठवडे होत आले तरी तो गेलेला नाही.

मी शेतकी पदवीधर. पोटापाण्यासाठी रिसॉर्टांच्या हिरवळी सांभाळतो. वेल्ह्याच्या रस्त्यावरची एक मोठी हिरवळ माझ्याकडे आहे, आणि पासलीहून एसटीने येणारे सोपानकाका सहा वर्षं तिथे माळी होते. घरची भाताची खाचरं. पहिल्याच दिवशी हिरवळ बघून त्यांना हसू आवरेना. "सायेब, ही तर हरळी! आमची हयात गेली ही उपटन्यात, आन् तुमी हिला खत घालता?" पुढे मी गवताची वाढ आवरणारं औषध आणलं तेव्हा तर त्यांनी कपाळाला हात लावला. आधी खत घालून वाढवायचं, मग औषध मारून थांबवायचं, हा उद्योग त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. पण पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा करावी लागणारी कापणी एकदावर आली, गवत गर्द आणि दाट झालं, तेव्हा "हाय खरं कायतरी" एवढं त्यांनी कबूल केलं.

या औषधाचं माप फार सांभाळावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त पडलं तर गवत पिवळं पडून बसतं. पाठीवर पंप घ्यायचा आणि एकसारख्या चालीने जायचं. पहिल्या वर्षी मी काकांना पंपात साधं पाणी भरून चालवलं, एका पंपात किती हिरवळ भिजते ते पाहिलं आणि त्यावरून दर पंपाला किती औषध घालायचं ते ठरवून दिलं. चिखलात भाताची रोपं सरळ ओळीत लावणारा तो माणूस. त्यांच्या फवारणीत कधी पट्टा उमटला नाही. पाहुणे हिरवळीवर फोटो काढायचे आणि काका लांब उभे राहून बघायचे... त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पट्टे उमटायला लागले. प्रत्येक ओळीच्या टोकाला पिवळट डाग. पाच पंपांत उरकणाऱ्या कामाला सात लागायचे, औषध वेळेआधी संपायचं. मॅनेजरने बोलावून दाखवलं आणि मी काकांवर चिडलो. "काका, माप नीट घ्या ना! डोळे तपासून घ्या एकदा."

"माप बरूबर हाय सायेब," ते म्हणाले. पुढच्या खेपेलाही पट्टे उमटले. मग मी पंप त्यांच्याकडून काढून घेतला, फवारणी तात्पुरती थांबवली आणि त्यांना पाला गोळा करायला लावलं. दोन महिने ते पाला गोळा करत होते. मधेच बसलेले दिसले की मला वाटायचं, म्हातारा आता अंग चोरायला लागला. गवताचा रोग मी लांबून ओळखतो.

ते गेल्यावर नवा माणूस मिळेना, म्हणून महिन्याभराने पंप मीच पाठीवर घेतला. मीही आता पन्नाशीचा. तिसऱ्या ओळीला दम लागला, पाय जड झाले. टोकाला उभा राहून श्वास घेतला, फवारा सुरूच होता. आणि नेहमीच्या जागेच्या कितीतरी अलीकडेच पंप रिकामा झाला. माप मी स्वतः घेतलं होतं, ते बरोबर होतं... मी तिथेच गवतात बसलो. माणूस हळू चालला की तेवढ्याच जागेवर औषध जास्त पडतं, हे मी लोकांना शिकवतो. काकांची चाल मंदावली होती. त्यांना धाप लागत होती, ती महिनोन्महिने माझ्यासमोर गवतावर दिसत होती आणि मी त्यांना डोळे तपासायला सांगत होतो. याची मला लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी पासलीला गेलो. काकूंनी चहा ठेवला. फळीवर खोकल्याच्या औषधाची बाटली होती, जवळजवळ भरलेली, आणि तिचं मापाच्या रेघांचं टोपण शेजारी पालथं घातलेलं.

"काकांनी औषध घेतलंच नाही का?"

"कुठलं वो. ह्या टोपनात पानी भरायचे आन् मला दावायचे. रेघेपातुर आलंय का बघ म्हनायचे. रोज सकाळी. सायेबांचं औषध वाया जातंय, माजाच हात चुकत आसंल, म्हनायचे."

"यायचं का रेघेपर्यंत?"

"रोज बरूबर."

मी म्हणालो, "काकू, त्यांचा हात कधीच चुकला नव्हता. मी चुकलो."

काकूंनी चहा गाळता गाळता पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"मंग ह्ये त्येस्नी सांगाया पायजे हुतं की वो."