बोंड्याचा गुडघा

खंडोजी कुत्र्यांच्या गुडघ्यांची फिजिओथेरपी करतो, हे बंगळूरच्या के. आर. पुरममधल्या नातेवाइकांना कळलं तेव्हा काही जण हसले आणि उरलेल्यांनी आपापले गुडघे पुढे केले. लग्नाच्या पत्रिकेत मुलाचा धंदा काय छापायचा, हा आईचा घोर वेगळाच.

सकवारबाई मात्र रोज त्याची वाट बघायच्या. नवरा गेलेला, मुलगा होसकोट्याच्या कारखान्यात पाळ्यांना जुंपलेला. घरात बोलायला उरला होता बोंडा, नावासारखाच गोल, म्हातारा लॅब्रेडोर. त्याच्या मागच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय कमजोर आहे, पुन्हा भूल देता येणार नाही.

खंडोजी पाय हलकेच दुमडायचा, सोडायचा, बर्फ लावायचा, मग पोटाखालून टॉवेल घालून अंगणात चालवायचा. उडी बंद, पायऱ्या बंद, पट्ट्याशिवाय पाऊल नाही. बोंडा आता पाय टेकू लागला होता.

चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला, मग घराला. पिढ्यान्पिढ्या कन्नड मुलखात राहून सकवारबाईंच्या घराची भाषा सैल झाली होती, हा नेम नाही. त्या दिवशी ओट्यावर त्यांनी बोंड्यापुढे भरीत-रोडग्याची ताटली ठेवली.

“कांदा नाही घातला हं, तू म्हणालास तसं. आता स्वल्प तो पट्टा सोड.”

“अक्का, पट्टा राहू दे.”

“देवाच्या सोबत्याला आज बांधून जेवू घालू? आणि म्हणे नाव खंडोजी!”

खंडोजी हसला. त्याच्याही घरी आज कुत्रं बांधत नसत. खाईस्तोवर काय होतंय, म्हणून त्यानं पट्ट्याची कडी काढली.

तेवढ्यात फाटकाशी पार्सलवाल्यानं घंटी वाजवली. जन्मात पहिल्यांदाच खाणं सोडून बोंड्यानं ओट्यावरून अंगणात उडी टाकली.

एकदाच केकाटला. मग उभा राहिला, मागचा पाय अधांतरी धरून. खंडोजीनं धावत जाऊन गुडघा चाचपला. लिगामेंटनं जिथे अडवायला हवं, तिथे हाड बिनबोभाट पुढे सरकलं.

सकवारबाई ताटली घेऊन खाली आल्या. तीन पायांवर उभा राहून बोंडा रोडगा खाऊ लागला.

“बघ, खातोय. म्हणजे फार लागलं नाही. होईल ना सरी, पहिल्यासारखा?”

“पट्टा मी सोडला, अक्का.”

“मी विचारतेय काय, तू सांगतोयस काय!”

खंडोजीनं मान खाली घालून पट्टा पुन्हा अडकवला. पट्टा अडकला की चालायचं, हे बोंड्याच्या अंगवळणी पडलं होतं. शेपूट हलवत तो लगेच निघाला.