उमाक्कांच्या पेशी कशा आहेत?

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे किस्से साचतात. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला डबे साचतात ना, तसेच. एखाद्या पार्टीत कुणीतरी विचारतं, "तू नक्की करतेस काय गं?" मग एकेक डबा बाहेर निघतो. लोक हसतात, मीही हसते. मग घरी जाताना बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाडीत बसल्या बसल्या माझं डोकं तापायला लागतं. कारण यातले निम्मे किस्से हसण्यासारखे नाहीतच!

आधी काम सांगते. मेंदूचे काही आजार घराण्यात चालत येतात. जिवंत माणसाचा मेंदू उघडून तर बघता येत नाही. म्हणून आम्ही पेशंटचं थोडं रक्त घेतो, त्यातल्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेतो आणि मग त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवतो. आजार बशीत कसा वाढतो ते बघायचं आणि त्यावर औषधं लावून बघायची. आहे की नाही भारी? मलाही तसंच वाटलं होतं.

*

या पेशींना रविवार नसतो. रोज जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. पाणी म्हणजे त्यांचं जेवण.

चिकोडीला मावसबहिणीचा साखरपुडा होता. मी दुपारीच निघाले तर मावशी दारात आडवी. "आत्ता कुठं चाललीस?"

"पेशींना खायला घालायचंय गं, उद्या सकाळी."

मावशीने दोन मिनिटं विचार केला. "मग शेजारणीकडे किल्ली देऊन यायचं की! आम्ही मांजराचं तसंच करतो."

तेव्हा मी हसले. आता वाटतं, मावशीची शेजारीण आमच्या सरांपेक्षा बरी. निदान मांजराच्या अंगावर फुलं तरी टाकणार नाही. ते पुढे येईलच.

*

सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. मूळ पुण्याचे, पंचवीस वर्षं परदेशात होते. हुशार आहेत, ते नाकारत नाही.

तुलनेसाठी निरोगी माणसाच्या पेशीही लागतात, त्यांना 'कंट्रोल' म्हणतात. सरांनी स्वतःचंच रक्त दिलं आणि सगळ्या लॅबला सांगितलं, "आय अ‍ॅम द कंट्रोल!" केकसुद्धा कापला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

सरांच्या पेशी वाढल्या मात्र जोरात. शेजारी बसणारा नागराज म्हणाला, "मॅडम, बिलकुल सर जैसे हैं. जगह मिली कि फैल गए!"

*

आणि उमाक्का. निपाणीच्या, शाळेत शिकवायच्या. आता के. आर. पुरमला मुलाकडे असतात. त्यांच्या आजोबांना आणि वडिलांना हा आजार होता, मग भावाला झाला, आता त्यांनाही. आधी तोल जातो, मग हात, मग बोलणं. त्यांच्या घराण्यात नजरही जाते. भावाची गेली. उमाक्कांचा मुलगा महेश बोम्मसंद्र्याला कंपनीत आहे. त्याने स्वतःची टेस्ट केलेली नाही आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

रक्त द्यायला आल्या तेव्हा मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. नंतर दर तपासणीला भेटायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गं, माझ्या पेशी कशा आहेत?" माहेरी ठेवलेल्या लेकरांची विचारपूस करावी तशा!

नियमाप्रमाणे मी निष्कर्ष सांगू शकत नाही. नियम ठीक आहे, अर्धवट माहितीने माणूस घाबरतो. पण त्या निष्कर्ष मागत नव्हत्याच. "एकदा डोळ्यानं बघू दे. आजोबापास्नं हा आजार आमच्या घरात राहतोय, तोंड तरी बघावं की त्याचं! नजर आहे तोवर दाखव बाई."

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "शुअर, नेक्स्ट टाइम."

पुढच्या वेळी विचारलं. "नेक्स्ट टाइम. आज व्हिजिटर्स आहेत."

*

आता व्हिजिटर्स कोण? ऐका!

एक उद्योगपती आले. उमाक्कांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून म्हणाले, "या आत्ता विचार करतायत का?" सर हसून म्हणाले, "नॉट येट, सर!"

एक पुढारी आले. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला नाहीच, शेजारी उभं राहून फोटो काढला. सरांच्या सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप आला. एकीने विचारलं, "याने केस गळायचे थांबतात का हो?" सरांच्या मुलाचा अख्खा वर्ग आला.

दर वेळी इन्क्युबेटर, म्हणजे पेशींची उबदार पेटी, उघडायचा, तीच बशी बाहेर. "धिस इज पेशंट फोर." सगळ्या बेंगळुरूने उमाक्कांच्या पेशी बघितल्या. उमाक्का तेवढ्या राहिल्या!

मधल्या काळात त्या काठीवरून व्हीलचेअरवर आल्या. एकदा माझ्याकडे बघताना मान थोडी तिरकी करून बघत होत्या. महेशच म्हणाला, "मधलं दिसंना झालंय. कडेनं बघते आता."

त्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. सर म्हणाले, "यू आर गेटिंग इमोशनल."

*

मग आयुधपूजा आली. इथे त्या दिवशी रिक्षापासून लेथ मशिनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मला ती आवडते. आम्हीही दरवर्षी करतो, पण लॅबच्या बाहेरच्या खोलीत. आत फूल, कुंकू, उदबत्ती काहीही नाही. मी दारावर स्वतः तशी सूचनेची पट्टी लावली होती.

मी प्रसादाच्या प्लेटा मांडत होते तेवढ्यात सर फोटोग्राफरला घेऊन आत गेले. सायन्स आणि संस्कृती असा फोटो त्यांना हवा होता. इन्क्युबेटरच्या तळाशी आतली हवा ओलसर राहावी म्हणून पाण्याचा ट्रे असतो. सरांनी दार उघडलं आणि त्या ट्रेमध्ये झेंडूची फुलं सोडली. तरंगती! हॉटेलच्या लॉबीत पितळी घंगाळात असतात ना, तशी!

दुसऱ्या दिवशी पेशींना खायला घालायला मी दार उघडलं तर आत झेंडूचा वास. बाजारातून आलेलं फूल, आत शरीराएवढी ऊब, वर ओल. बुरशीला आणखी काय हवं? आठवड्याच्या आत सगळ्या बशांवर पांढरी लव चढली. मी एकेक बशी ब्लीचमध्ये बुडवली. कित्येक महिने रोज वाढवलेल्या उमाक्कांच्या पेशी!

सरांनी सगळ्यांना मेल केलं, "अनफोरसीन कंटॅमिनेशन." अनफोरसीन! पट्टीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, कन्नड, हिंदी आणि इंग्लिशमध्ये. मराठीत तेवढं लिहिलं नव्हतं.

सरांच्या स्वतःच्या पेशी दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये होत्या. त्या वाचल्या. अर्थात!

मूळ पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे काम बुडालं नाही. पण त्यांच्यापासून पुन्हा मेंदूच्या पेशी व्हायला तेवढेच महिने लागणार होते. बशी पुन्हा भरते, नजर भरत नाही. हे मी सरांना ओरडून सांगितलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

*

आणि नेमकं तेव्हाच सरांनी उमाक्कांना बोलावलं! का, तर प्रोजेक्टला पैसे देणारे लोक येणार होते आणि त्यांना 'खरा पेशंट' भेटायचा होता.

मी म्हटलं, "सर, दाखवायचं काय? त्यांच्या पेशी नाहीत."

"कंट्रोलची प्लेट लाव."

"त्या तुमच्या आहेत!"

"त्यांना काय कळणार?"

नागराजने प्लेट लावली. मी हात लावला नाही.

उमाक्का आल्या त्या इरकल नेसून, डोक्यात मोगरा माळून. दारातच त्यांनी गजरा काढून महेशच्या खिशात ठेवला. "आत फूल चालत न्हाई ना गं?" मी सरांकडे बघितलं. सर पाहुण्यांकडे बघत होते.

समोरच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवतो म्हटलं तर नको म्हणाल्या, मायक्रोस्कोपलाच डोळा लावला. महेशने मागून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. त्या मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघत राहिल्या. बराच वेळ.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "मुळ्यांगत पसरल्यात." मग म्हणाल्या, "सर, ह्यात आमच्या बाबांचा आजार कुठला?"

सर म्हणाले, "मॅडम, तो फार सूक्ष्म असतो."

तिथे माझं सुटलं. "अक्का, या तुमच्या नाहीत. तुमच्या मेल्या. या सरांच्या आहेत."

महेशचे हात तसेच राहिले. उमाक्कांनी डोळा काढला नाही, उलट पुन्हा नीट लावला.

"सरांच्या?"

"हो."

"आजार न्हाई ह्यात?"

"नाही अक्का. निरोगी आहेत."

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग महेशला हात सोडायला सांगितले, खुर्ची सरांकडे वळवून घेतली आणि वर्गातल्या मुलाला निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाल्या,

"सर, तुमच्या पेशी चांगल्या आहेत. कशा आहेत ते कुणीतरी सांगावं लागतंय, म्हणून सांगितलं."